कासरा आणि पैसा

माझ्या आज्ज्याला अक्षर ओळखता येत नव्हते, तरी बैलांच्या व्यवहारात तो कधी बुडाला नाही, असे अण्णा अभिमानाने सांगतात. सांगोल्याच्या रविवारच्या बाजारात रुमालाखाली हात घालून बोटांवर भाव ठरायचा, बाजार समितीची पावती फाटायची, आणि एका हातात पैसे येत असतानाच दुसऱ्या हातातला कासरा सुटायचा. दोन्ही गोष्टी एकाच वेळी, समोरासमोर.

पण घेणारा सहाशे-सातशे किलोमीटरवर असेल, तर कासरा आधी सोडायचा की पैसा आधी धरायचा? हा प्रश्न गेल्या पावसाळ्यात आमच्या घरात येऊन बसला.

आमचा टेंपो विकायचा होता. आमच्याकडे त्याला सगळे 'छोटा हत्ती'च म्हणतात. नऊ वर्षे अण्णांनी त्यातून डाळिंबाचे क्रेट वाहिले. त्याच भाड्यावर मी कॉलेजात आले. आमच्या घरात बारावीपुढे गेलेले दुसरे कोणी नाही. आता अण्णांच्या गुडघ्याला क्लच सोसेना. येणाऱ्या पैशातून सोसायटीचे कर्ज फेडायचे, दोन म्हशी घ्यायच्या आणि माझे तिसरे वर्ष काढायचे, असा हिशेब होता. पैसे बुडाले असते, तर तिन्ही गोष्टी एकदमच बुडाल्या असत्या.

तालुक्यातले दलाल एक लाख ऐंशी हजारांवर चढेनात. म्हणून मी मोबाईलवर जाहिरात टाकली. दोन तासांत फोन! बोलणारा म्हणाला, मी फौजी आहे, बदली झाली आहे, गाडी बघायची गरज नाही, सांगाल तो भाव मान्य. गणवेशातला फोटोही पाठवला. घासाघीस न करणारे गिऱ्हाईक पाहून अण्णा खूश झाले, मला मात्र तिथेच पाल चुकचुकली. मग त्याने एक चौकोनी कोड पाठवला. तो स्कॅन करून पिन टाका, की विसाराचे पैसे जमा होतील म्हणे.

मी विचारले, "पैसे घेणाऱ्याला पिन कशाला लागतो?" पिन म्हणजे 'माझ्या खात्यातून पैसे द्या' अशी बँकेला केलेली सही. घेणाऱ्याने ती कधीच करायची नसते. त्याने दोनदा आवाज चढवला आणि फोन ठेवला.

"फौजी माणूस खोटं बोलंल व्हय?" अण्णांना पटेना.

"अण्णा, तो फौजी नव्हताच."

चार दिवसांनी भंडारा जिल्ह्यातून एका भाजीवाल्या गृहस्थांचा फोन आला. घरात कोणी पुरुष माणूस नाही का बोलायला, असे त्यांनी प्रथम विचारले. मी "आहेत, पण कागद मी बघते" म्हटल्यावर गाडी पुढे सरकली. त्यांनी भाव पाडला, टायर विचारले, विमा विचारला, हप्ते फिटल्यावर आर.सी.वरचा बोजा उतरवला का तेही विचारले. माझा विश्वास वाढत गेला तो या प्रश्नांमुळे. दोन लाख चाळीस हजारांवर सौदा ठरला. पाच हजार विसार अण्णांच्या खात्यात आला, पिन न टाकता.

उरलेल्या रकमेवर घोडे अडले. मी म्हटले, आधी पैसे, मग गाडी. ते म्हणाले, "पोरी, तुमाले भेव वाटते, तं मले बी वाटते ना. पैसे पाठवले आन् गाडीच नसली तं?" तोवर भीती फक्त आपल्याच बाजूला आहे असे मी धरून चालले होते. त्यांनीही पतसंस्थेचे कर्ज काढले होते.

आमच्या वाणिज्य विभागाच्या सरांपुढे मी हा प्रश्न ठेवला. रोख रकमेला त्यांनी आधीच काट मारली. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख घेण्यास २०१७ पासून बंदी आहे, आणि तेवढ्याच रकमेचा दंड देणाऱ्याला नव्हे, घेणाऱ्याला होतो. शिवाय प्रवासात चोरीची भीती वेगळीच. चेक वटेपर्यंत तो कागदच. न वटल्यास कलम १३८ आहे, पण कोर्टाच्या तारखांवर म्हशी पोसता येत नाहीत. डिमांड ड्राफ्ट त्याहून बरा, पण बनावटही निघतो. काढणाऱ्या बँकेकडून खात्री करावी लागते. राहिला आर.टी.जी.एस. तो दोन लाखांपासून पुढच्या रकमेसाठीच असतो, म्हणजे आमचा आकडा त्यात नेमका बसत होता.

मग आम्ही कासऱ्याचीच रीत जमेल तशी उभी केली. सही केलेला चेक आणि आर.टी.जी.एस.चा अर्ज धाकट्या भावाकडे ठेवून ते गृहस्थ पुतण्याला घेऊन आले. मंगळवार होता. टेंपो आमच्या बँकेच्या दारात उभा. त्यांनी इंजिन ऐकले, चॅसिस नंबर आर.सी.शी ताडून पाहिला, एक फेरी मारली आणि भावाला फोन केला, "टाक." तो तिकडच्या बँकेच्या रांगेत उभाच होता.

तो एक तास मी विसरणार नाही. कोणी कोणाशी बोलत नव्हते. अण्णांनी सगळ्यांना चहा पाजला.

अखेर मेसेज वाजला. अण्णा किल्ली द्यायला उठले; मी त्यांचा हात धरला. मेसेज काय, कोणीही लिहून पाठवू शकतो. अण्णांचा चेहरा ओशाळला. समोर बसलेल्या माणसावर अविश्वास दाखवल्यासारखे त्यांना वाटले. पण ते गृहस्थच म्हणाले, "पाय ना पोरी, नीट पाय." काउंटरवर पासबुक छापून घेतले. दोन लाख पस्तीस हजार, जमा. मग किल्ली, मूळ आर.सी. आणि २९ व ३० नंबरच्या फॉर्मांवर अण्णांची सही.

ताबापावतीवर मी तारखेबरोबर वेळही लिहिली. त्याला कारण होते. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे एक प्रकरण आले. २००७ मध्ये विकलेली मोटार पुढे हातोहात गेली, नाव मात्र पहिल्याच मालकाचे राहिले, आणि २००९ मध्ये तिने एकाचा जीव घेतला. भरपाईची जबाबदारी कागदावरच्या मालकावर आली. तेव्हा पैसे मिळाले म्हणजे विकणारा सुटला असे नाही. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने चौदा दिवसांत आर.टी.ओ.ला कळवायचे असते. मी दुसऱ्याच दिवशी कळवले.

एकाच बाबतीत अण्णांनी माझे ऐकले नाही. टेंपोचा फास्टॅग त्यांच्या नावावर होता, तो तिथल्या तिथे बंद करू म्हटले, तर म्हणाले, "आजचा दिस ऱ्हाऊ दे. घरला पोचंस्तवर टोल माझा."

रात्रभर फोन वाजत राहिला. प्रत्येक नाक्यावर पैसे कापल्याचा मेसेज. अण्णा अंथरुणावर बसून मला नाक्याचे नाव वाचायला लावत आणि स्वतःशीच सांगत, "तुळजापूर गेलं... आता नांदेड." पहाटे वर्ध्याच्या पुढे कुठेतरी त्यांचा डोळा लागला. दुपारी पोहोचल्याचा फोन आल्यावर मी फास्टॅग बंद केला.