घरचा केर

छत्तीस वर्षें शाळेंत संस्कृत शिकविल्यामुळें आम्हांस एक खोड जडली आहे. कोणतीहि वस्तु पुढें आली, कीं तिला अमरकोशांत काय म्हटलें आहे हें आधीं आठवतें आणि ती वस्तु हातानें उचलण्याची बुद्धि मागाहून होते. केराला अमरकोशांत 'संकर' आणि 'अवकर' असे दोन शब्द दिले आहेत. अवकर म्हणजे झाडून टाकलेलें. पण संकर म्हणजे मिसळ. ज्या वस्तु वेगळ्या असतां उपयोगाच्या असतात, त्या एकत्र कालवल्या म्हणजे त्यांचा केर होतो, असा अर्थ आम्ही वर्गांत मोठ्या ऐटीनें फोड करून सांगत असूं. आणि घरीं येऊन चहाचा चोथा, दाढीचें पातें, दुधाची पिशवी व भाजीचीं देंठें एकाच बादलींत टाकीत असूं!

आमचें बिऱ्हाड पुण्याच्या एका पेठेंत, जुना वाडा पाडून बांधलेल्या इमारतींत आहे. इमारतींत बारा बिऱ्हाडें. केर नेण्यास एक बाई येतात. शहरांतील केर-कागद वेंचणाऱ्या कष्टकऱ्यांनीं १९९३ सालीं आपली पंचायत स्थापिली व पुढें २००८ सालापासून 'स्वच्छ' या त्यांच्याच सहकारी संस्थेनें महानगरपालिकेशीं करार करून घरोघरचा केर उचलण्यास आरंभ केला. त्यांपैकीं या बाई. ओला केर वेगळा, सुका वेगळा द्यावा, असें त्या आम्हांस आर्जवानें सांगत. २०१६ सालच्या सरकारी नियमांनीं तर तसें करणें प्रत्येक घरावर बंधनकारकच झालें. पण नियम वाचणें निराळें आणि पाळणें निराळें, हें शिक्षकाइतकें कोणास ठाऊक असणार?

त्याच वर्षीं पावसाळ्यांत एके सकाळीं बाई आल्या त्या उजव्या हाताला फडकें गुंडाळून. आम्हीं विचारलें तेव्हां म्हणाल्या, "काल काच लागली, गुरुजी. भाजीच्या सालींत होती, दिसलीच नाही. फुटलेली काच कागदांत बांधून, वर खूण करून देत चला, एवढं सगळ्यांना सांगा."

आदल्याच दिवशीं सकाळीं आमच्या हातून पाण्याचा पेला फुटला होता. तुकडे आम्हींच गोळा केले होते आणि आम्हींच ते सालींच्या बादलींत ढकलले होते. हें त्या क्षणीं सांगावयास हवें होतें. आम्हीं सांगितलें नाहीं. "हो, हो, सांगतों सर्वांना," एवढें म्हणालों आणि दार लावून घेतलें. जन्मभर मुलांना 'सत्यं वद' घोकविलेल्या माणसाची ही हकीकत आहे.

त्या दिवसापासून घरांत तीन डबे झाले. सुक्याचें फारसें सांगण्यासारखें नाहीं. दुधाची पिशवी विसळून वाळत घालावयाची, एवढेंच काय तें कष्टाचें. पातीं, काचा, जुन्या औषधांच्या बाटल्या वेगळ्या. ओला केर मात्र घराबाहेर जाऊंच द्यावयाचा नाहीं, असा आमच्या कुटुंबानें निश्चय केला आणि एका जुन्या पिंपाला भोंकें पाडून तें मागच्या सज्जांत ठेवविलें.

पहिला प्रयोग सपशेल फसला. आम्हीं उत्साहाच्या भरांत उरलेली आमटी, ताक, भात, जें सांपडेल तें पिंपांत ओतलें. पंधरा दिवसांत अशी दुर्गंधि सुटली, कीं खालच्या मजल्यावरचे गृहस्थ वर येऊन, "मास्तर, घरांत कांहीं मेलें तर नाहीं ना?" असें विचारते झाले. पिंपांत अळ्यांची जत्रा भरली होती. आमच्या चिरंजीवांनीं पिंप टाकून देण्याचा सल्ला दिला. कुटुंबानें तो मानला नाहीं. एका ओळखीच्या माळ्यानें मर्म सांगितलें: ओलें फार आणि सुकें कांहींच नाहीं, म्हणून आंत वारा खेळत नाहीं, आणि वाऱ्यावांचून जें कुजतें त्यालाच घाण येते. ओंजळभर ओल्यावर दोन ओंजळी वाळलेला पाला, पातळ पदार्थ मुळींच नाहींत, आणि दोन-तीन दिवसांनीं काठीनें खालवर करणें, एवढाच काय तो विधि. पाल्याला तर तोटा नव्हता. अंगणांतील आंब्याचा व कडुनिंबाचा पाला पहारेकरी रोज कोपऱ्यांत पेटवून देई आणि सारी इमारत खोकत असे. तो पाला आम्ही पोत्यांत भरूं लागलों. जाळणें आपोआप थांबलें. आठवडाभरांत पिंपांत हात घातला तों आंत चांगली ऊब! अळ्यांनाहि भिण्याचें कारण नव्हतें. त्या आमचेंच काम करीत होत्या. अडीच महिन्यांनीं खालून जें निघालें, त्याला पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास होता. नारळाच्या करवंट्या आणि आंब्याच्या कोयी तेवढ्या जशाच्या तशा.

शेजारी मात्र हंसतच होते. सभेंत विषय काढला असतां, "मास्तरांना निवृत्तीनंतर उद्योग नाहीं," असा शेरा मिळाला. पुढें २०१७ च्या उन्हाळ्यांत उरुळी देवाची आणि फुरसुंगी येथील लोकांनीं पुण्याच्या केराच्या गाड्या अडविल्या. वर्षानुवर्षें साऱ्या शहराचा केर त्यांच्या शिवारांत पडत होता, त्यांच्या विहिरींचें पाणी नासलें होतें, आणि त्या वर्षीं तर त्या ढिगाऱ्यास आगहि लागली. कित्येक दिवस शहरांतील पेट्या तुडुंब भरून वाहत होत्या. आमच्या आळींत नाक धरून चालावें लागे. त्या दिवसांत खालच्या मजल्यावरचे तेच गृहस्थ पुन्हां वर आले आणि म्हणाले, "तें तुमचें पिंप जरा पाहूं." आज अंगणांत आठ बिऱ्हाडांचीं मिळून चार पिंपें आहेत. उरलेलीं चार बिऱ्हाडें अद्याप बधलेलीं नाहींत, आणि आम्हींहि त्यांचा नाद सोडला आहे.

निर्माल्याचेंहि येथेंच सांगून टाकतों. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायांत पाण्यांत मलमूत्र वा थुंकी टाकूं नये असें स्पष्ट सांगितलें आहे. तें शिकवीत असतांहि आम्ही दर आठवड्यास पुलावरून मुठेंत निर्माल्य टाकीत होतों आणि तेंहि प्लॅस्टिकच्या पिशवीसकट! पिशवी मनूला ठाऊक नव्हती, एवढीच काय ती आमची पळवाट. आतां तीं फुलें पिंपांत जातात आणि दोन वर्षांपासून त्याच खतावर सज्जांतील तगर फुलते.

गेल्या चैत्रांत बाईंना एक पिशवीभर खत दिलें. त्यांना दारांत तुळस लावावयाची होती. देतांना काय झालें कोण जाणे, आम्हीं त्या पेल्याची गोष्ट सांगून टाकली. इतक्या वर्षांनीं काय म्हणतील, म्हणून मान खालीं घालून उभे होतों.

"ठाऊक होतं की, गुरुजी," त्या म्हणाल्या. "त्याच बादलींत तुमच्या पंचांगाचं फाटकं पान होतं." आणि हातावरचा पांढरा व्रण न दाखवितां पिशवी उचलून पुढच्या दाराकडे गेल्या.