उजवीकडून येणाऱ्याला आधी वाट

फ्रान्सला जाऊन आलो म्हटलं, की आमच्या भिवंडीतल्या शेजारणींचा पहिला प्रश्न ठरलेला. "आयफेल टॉवर पाहिलात ना हो?" मैत्रिणींनो, खरं सांगते, नाही पाहिला! पॅरिसच्या विमानतळावर उतरलो आणि तिथूनच आगगाडीत बसून तासाभरात उत्तरेकडच्या लील शहरी पोचलो. कारण आमचं काम पॅरिसला नव्हतंच. ते होतं लीलपासून वीसेक किलोमीटरवरच्या न्यव्ह शापेल नावाच्या खेड्यात, शेतांच्या कडेला.

काम सासूबाईंचं. त्यांच्या माहेरी, सातारा जिल्ह्यातल्या खेड्यात, देव्हाऱ्याशेजारी लाल फडक्यात बांधलेली ब्राँझची एक जड चकती असे. वीतभराहून लहान, वर सिंह आणि हातात त्रिशूळ घेतलेली एक बाई कोरलेली. लहानपणी त्यांना ती देवीच वाटायची. पुढे कळलं, की पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या शिपायांच्या घरी इंग्रज सरकार अशी चकती पाठवीत असे. सासूबाईंचे आजोबा खडकीच्या सॅपर्स पलटणीत होते. 1914 साली बोटीत बसले ते परत आलेच नाहीत. "फ्रान्सात गेले" एवढंच घरात ठाऊक. तिथी माहीत नाही, म्हणून त्यांचं पान सर्वपित्रीला.

शेवटी माझ्या मुलाने संगणकावर शोध घेतला. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदींत आजोबांचं नाव निघालं! इंग्रज कारकुनाने पार मोडून लिहिलेलं. पण वडिलांचं नाव आणि गावाचं नाव जुळलं. तारीख होती 28 ऑक्टोबर 1914. त्या दिवशी खडकीच्या सॅपर्सच्या 20 आणि 21 नंबरच्या कंपन्या 47 व्या शीख पलटणीबरोबर न्यव्ह शापेल गावात घुसल्या. घराघरांतून, गल्लीगल्लीतून लढाई झाली आणि दोन्ही कंपन्यांची फार हानी झाली. सासूबाई आता ऐंशीच्या आहेत. त्या एवढंच म्हणाल्या, "कुणीतरी जाऊन या रे बाबांनो."

म्हणून 2025 ची भाऊबीज आटोपली आणि मी नि हे, दोघं निघालो.

शेतातल्या त्या जागी पोचायचं, तर वेळापत्रक आपल्या हातात हवं, म्हणून लीलला भाड्याची गाडी घ्यायचं ठरलं. तयारी इथूनच केली होती. आपल्या लायसन्सवर आर.टी.ओ. आंतरराष्ट्रीय परवाना देते, तो वर्षभर चालतो. पण मूळ लायसन्सही जवळ लागतं, बरं का! आणि गाडीची अनामत चालवणाऱ्याच्याच नावच्या क्रेडिट कार्डावर धरतात. कार्ड बायकोचं आणि लायसन्स नवऱ्याचं, असं चालत नाही.

आता गाडीची गंमत ऐका. तिकडे सगळं उजव्या बाजूने. चालकाची सीट डावीकडे, म्हणून गिअर उजव्या हाताला. आमचे हे भिवंडीच्या सवयीने डावा हात टाकायचे, तो आदळायचा दारावर! वळायची खूण द्यायला दांडी ओढली, की कोरड्या काचेवर वायपर सुरू. पहिला अर्धा तास मी हसत होते. मग माझं हसू पळालं, त्याचं कारण पुढे सांगते.

शहर संपलं आणि सपाट, मोकळी शेतं लागली. सुगीचे दिवस होते. शेताच्या कडेला साखरेच्या बिटांचे ढीग, आपल्याकडे उसाच्या मोळ्या पडतात तसे. ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर आलेला चिखल रस्त्यावर, त्यामुळे पावसात गाडी घसरायची भीती. खेड्यातल्या रस्त्यावर साधारण 80 ची मर्यादा. गाव लागलं, की लाल चौकटीतली नावाची पाटी येते. ती पाटी हीच सूचना, की इथून पुढे 50. आकड्याची वेगळी पाटी असेलच असं नाही. गावाच्या नावावर तिरकी लाल रेघ दिसली, की गाव संपलं. मी शिकवते ना, मला ही पद्धत फार आवडली. थोडक्यात उत्तर, पूर्ण गुण!

पण एका गावात आमची चूक झाली. आम्ही हमरस्त्याने सरळ चाललो होतो. उजवीकडच्या बोळातून एक लहानशी गाडी न थांबता थेट समोर आली. ह्यांनी करकचून ब्रेक दाबला. वीतभर अंतर राहिलं असेल. माझ्या छातीत धडधडायला लागलं. समोर सत्तरीच्या एक आजीबाई होत्या. त्या ओरडल्या नाहीत, हॉर्न वाजवला नाही. बोटाने स्वतःच्या बाजूकडे, म्हणजे आमच्या उजवीकडे दाखवलं आणि निघून गेल्या. हे चिडले. "बोळातून येतात आणि वर आपल्यालाच शिकवतात!" राजनोली नाक्यावर आणि अंजूर फाट्यावर गाडी चालवलेला माणूस. तिथे ज्याचा कंटेनर मोठा, त्याची वाट आधी!

त्या रात्री आम्ही एका शेतकरी कुटुंबाच्या घरी उतरलो होतो. घरधनीण बाईंनी जेवणाच्या टेबलावर चमचे मांडून आमची शिकवणीच घेतली. नियम असा. चौकात कुठलीच पाटी नसेल, तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. मग तो बोळातून का येईना. आपल्या रस्त्यावर पिवळ्या चौकटीची शंकरपाळ्यासारखी पाटी असेल, तर आधी जायचा मान आपला. त्याच पाटीवर काळी रेघ मारलेली दिसली, की मान संपला. गोल चौकात मात्र सहसा उलटं, आत फिरत असलेल्या गाड्या आधी. म्हणजे आजीबाईंचं बरोबर होतं, आमचं चुकलं होतं. ह्यांनी ते मुकाट्याने मान्य केलं. आमच्या लग्नाला 14 वर्षं झाली, असं फार वेळा घडलेलं नाही!

दुसऱ्या दिवशी, 28 तारखेला, कामं वाटून घेतली. ह्यांनी समोर बघायचं, मी उजवीकडे. प्रत्येक बोळ आला की मी म्हणायची, "उजवीकडे आहे," "उजवीकडे नाही."

वाटेत दुकानांपुढे शेवंतीच्या कुंड्यांच्या रांगाच रांगा होत्या, पिवळ्या, पांढऱ्या, जांभळ्या. मला वाटलं, घरधनीण बाईंना एक न्यावी. बरं झालं, सुचलं तसं केलं नाही! तिकडे शेवंती ही गेलेल्या माणसांची. 1 नोव्हेंबरला सगळे आपापल्या माणसांच्या थडग्यांवर ती वाहतात, म्हणून कुणाच्या घरी भेट नेत नाहीत. म्हणजे त्यांची सर्वपित्रीच की! मग मी एक पिवळी कुंडी घेतली, आजोबांसाठी.

ला बासेहून एस्तेरला जाणाऱ्या रस्त्यावर, गावाच्या थोडं अलीकडे, ते स्मारक आहे. चहूकडे शेतं आणि मध्ये गोल आवार. अर्ध्या भागाला दगडी जाळी, आपल्याकडच्या जुन्या इमारतींना असते तशी. मध्ये सुमारे 15 मीटर उंच खांब, माथ्यावर कमळ, दोन्ही बाजूंना दगडी वाघ. हर्बर्ट बेकर ह्या वास्तुकाराने ते आखलं आणि 1927 साली ते खुलं झालं. खांबावर इंग्रजीबरोबर हिंदी, अरबी आणि गुरुमुखी अक्षरं आहेत. ज्यांची थडगी सापडली नाहीत, अशा 4,700 हून अधिक हिंदी शिपायांची नावं भिंतीवर पलटणींप्रमाणे कोरली आहेत. आवारात आम्ही दोघंच होतो.

सॅपर्सची नावं शोधली. बोट फिरवत फिरवत मी थांबले. ते मोडकं, इंग्रज कारकुनाचं स्पेलिंग तिथे दगडात होतं. ह्यांनी आपल्या पणजोबांच्या नावावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

सासूबाईंना मोबाईलवर लावून दिलं. तिकडे अकरा, इथे साडेतीन. मागे आमच्या गल्लीतल्या मागांची खडखड ऐकू येत होती. नाव दाखवलं. त्या रडतील असं मला वाटलं होतं. पण त्यांनी विचारलं, "शेजारी कोण कोण आहेत?" मी वाचत गेले. कुणी शेख, कुणी सिंग, कुणी आपल्याकडचा. ऐकून त्या म्हणाल्या, "मग एकटे नाहीत. बरं झालं."

कुंडी ठेवली, नमस्कार केला आणि निघालो.

तुमच्यापैकी कुणी खेड्यापाड्यांतून गाडीने फिरणार असेल, तर चार गोष्टी सांगते. व्हिसासाठी निदान 30,000 युरोचा प्रवासविमा लागतो. पेढे, बर्फी असे दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. चटणी आणि भडंग बिनघोर न्या. इंधन भरताना सावध! तिकडे डिझेलला गाझोल म्हणतात. टाकीच्या झाकणाजवळची खूण आणि पंपावरची खूण जुळवा: गोल असेल तर पेट्रोल, चौकोनी असेल तर डिझेल. चकाकणारं जाकीट हाताशी आणि धोक्याचा त्रिकोण गाडीत हवाच. दहा वर्षांखालची मुलं मागे बसवा. गावात उगाच हॉर्न वाजवायला बंदी आहे. खेड्यातली दुकानं दुपारी 12 ते 2 बंद, बरीचशी रविवारी आणि सोमवारीही. तेव्हा पाव आदल्या दिवशीच घेऊन ठेवा. दुकानात शिरताना आधी 'बाँजूर' म्हणा, मग काय हवं ते सांगा. ऑक्टोबरच्या शेवटी साडेपाचलाच दिवस मावळतो, त्याआधी मुक्कामी पोचा.

आणि एक सांगणं न जाणाऱ्यांनाही. आपल्या माहेरी, सासरी जुनी ब्राँझची चकती किंवा लष्करी पदक पडलं असेल, तर भांडी घेताना मोडीत घालू नका. चकतीवर नाव उठवलेलं असतं, पदकाच्या कडेवर शिपायाचा नंबर आणि पलटण. आधी ते वाचून काढा. आमच्या सासूबाईंनी गुरुजींकडून 28 ऑक्टोबर 1914 ची तिथी काढून घेतली आहे. यंदापासून आजोबांचं पान त्यांच्या स्वतःच्या तिथीला.