बक्षिसाची वाटणी

नामवंतांच्या केशभूषेचे आणि पोशाखाचे अनुकरण आम्ही मुली हौसेने करतो. त्यांच्या वागण्याचे मात्र क्वचितच. २०१८ साली भारताच्या १९ वर्षांखालील क्रिकेट संघाने विश्वचषक जिंकला. क्रिकेट मंडळाने प्रशिक्षक राहुल द्रविड यांना ५० लाख, तर त्यांच्या साहाय्यकांना प्रत्येकी २० लाख रुपये जाहीर केले. सर्वांना सारखेच बक्षीस मिळावे, असा आग्रह द्रविड यांनी धरला. अखेर प्रत्येकाला २५ लाख मिळाले. त्यांचे स्वतःचे बक्षीस निम्मे झाले.

आम्ही दोघी मिळून शिवणकाम करतो. पोशाख शिवणारी म्हणून गिऱ्हाईक माझे कौतुक करते. काजे-बटणे करणाऱ्या काकूंचे नाव कोणी घेत नाही. दिवाळीच्या जादा कमाईची वाटणी उद्या माझ्या हातून व्हायची आहे. काकूंचा वाटा माझ्याइतकाच राहील.