तबकडीखालचं कॉर्क

आमच्या अण्णांचा धंदा भोंग्याचा. १९७२ चा दुष्काळ सरल्यावर त्यांनी एक जुना रेकॉर्ड प्लेअर, अहुजाचा अँप्लिफायर आणि दोन कर्णे घेतले. अंबाजोगाई, केज, धारूर भागातली किती लग्नं त्यांनी वाजवली याची मोजदाद नाही. पहाटे मांडवात पहिली सनई बिस्मिल्ला खाँसाहेबांचीच लागायची. पुढे कॅसेट आल्या आणि तबकड्यांची पेटी माळ्यावर गेली. अण्णा गेल्यावर ती मी खाली काढली.

प्लेअरच्या मोटारीला तेल दिलं, नवी सुई बसवली, तबकड्या धुतल्या. तरी आवाजाला एक पत्र्यासारखी करकरीत किनार येत होती. किशोरीताईंच्या भूपाची रेकॉर्ड लावली की सुरुवातीचा तानपुराच बोचायचा. दोष थाळीवरच्या रबरी मॅटमध्ये होता. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत रबर वाळून कडक झालं होतं, काठ वर वळले होते. तबकडी त्यावर टेकत नव्हती, अधांतरी फिरत होती.

मॅट म्हणजे निव्वळ तबकडी घसरू नये म्हणून घातलेलं फडकं नव्हे. सुई खाचेतून चालते तेव्हा तिची थोडी थरथर तबकडीतही उतरते. खाली नीट आधार नसेल तर तबकडी ताटासारखी झणझणते, आणि ती झणझण सुईकडे परत येऊन गाण्यात मिसळते. खालून मोटारीची घरघर येते ती वेगळीच. या दोन्ही गोष्टी मॅटने गिळायच्या असतात.

नव्या मॅटसाठी पहिल्यांदा घोंगडी आठवली. घरात जुनी, काळी, चिंचोक्याच्या खळीची घोंगडी होती. तिचा फाटका भाग दोनदा धुऊन खळ काढली आणि गोल कापला. आवाज एकदम निवला, मऊ झाला; मला आनंदच झाला. पण दिवस माघाचे होते. आमचा जिल्हा पर्जन्यछायेतला, त्यात बालाघाटावरची कोरडी हवा. रेकॉर्ड उचलली की घोंगडीही तिला चिकटून वर यायची आणि कर्ण्यातून चट्‌चट् आवाज निघायचा. लोकर आणि व्हिनाइल एकमेकांवर घासले की कंगव्यासारखी वीज साठते, आणि दमट हवेत ती जशी विरते तशी आमच्याकडे विरत नाही. धूळही ओढली जाते. शिवाय लोकरीचे राठ केस सुईला गुंडाळायचे. घोंगडी जाड होती, त्यामुळे तबकडी उंच आली, सुई धरणाऱ्या आर्मची शेपूट त्या मानाने खाली राहिली आणि वरचे सूर मंद झाले. माझ्या प्लेअरवर आर्मची उंची बदलायची सोय नाही.

मग ट्रकच्या ट्यूबचं रबर लावलं. तबकडी घट्ट बसली, घरघर गेली, पण तबल्याचा डग्गाही दबला. त्यानंतर चर्मकारमामांकडे गेलो. जुनी तबकडी त्यांनी म्हशीच्या कातड्यावर ठेवली, डाव्या हाताने दाबली आणि रापी एका दमात तिच्या कडेने फिरवली. कुठे दातरा नाही, कुठे उचल नाही. खरखरीत बाजू वर ठेवून ते मॅट मी तीन महिने वापरलं. आवाज भरदार, तानपुरा गोल. पण वैशाखात कातडं वाळलं आणि त्याने वाटीचा आकार घेतला.

शेवटी मोंढ्याजवळच्या ट्रॅक्टर स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो. तिथे इंजिनाचं पॅकिंग कापायला कॉर्क शीट ठेवतात.

"कोणत्या इंजिनाचं पायजे, काका?"

मी सोबत नेलेली तबकडी काउंटरवर ठेवली. दुकानदाराने ती दोन्ही हातांनी, कडेला धरून उचलली. त्याच्या वडिलांच्या लग्नात असलीच वाजली होती म्हणाला. दोन मिलिमीटरची शीट दिली.

घरी कापताना एक गोष्ट लक्षात आली, आणि ती आधी कळली असती तर वर्ष वाचलं असतं. एलपीचा लेबलचा भाग बाकीच्या तबकडीपेक्षा किंचित जाड असतो. सपाट मॅटवर मुख्यतः तो भागच टेकतो आणि खाचांचा भाग वर राहतो. लेबल दहा सेंटिमीटरचं. मी मॅटच्या मध्ये साडेदहा सेंटिमीटरचं वर्तुळ कापून काढलं. लेबल त्या खळग्यात बसलं आणि खाचांचा भाग पहिल्यांदाच कॉर्कवर टेकला. त्या रात्री लाइट असेपर्यंत भूप ऐकला. तानपुऱ्याच्या चारही तारा वेगवेगळ्या ऐकू आल्या, जोडाच्या तारांमधला बारीक फरकसुद्धा.

माझं मत स्पष्ट आहे. मराठवाड्यासारख्या कोरड्या मुलखात लोकर आणि फेल्ट नको. पातळ कॉर्क घ्या, आणि कोणतंही मॅट घेतलं तरी मधला खळगा आधी बघा. कॉर्कचे कण सुटतात, म्हणून कापल्यावर कडा बारीक पॉलिश पेपरने घासा आणि आठवड्याला कोरड्या ब्रशने झाडा. तुमच्या माळ्यावर असा प्लेअर पडून असेल तर तो भंगारात घालू नका. सुई नवी बसवा, खाली हे कॉर्क घाला, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना शेजारी बसवून एक बाजू पूर्ण ऐकवा.