उपऱ्याचे दुःख

आमच्या आष्ट्याच्या मातीला वेड कुस्तीचे. मला मात्र छंद जडला तो कोल्हापूरच्या फुटबॉलचा. तेथील पाटाकडील, शिवाजी, दिलबहार हे संघ पेठांपेठांतील तालमींचे नि मंडळांचे. त्या पेठेत जन्मलेला मनुष्य आपल्या संघासाठी रडला, तर ते त्याला शोभते. मी पडलो उपरा! तरीही शाहू स्टेडियमवर पाटाकडीलने गोल खाल्ला, की परतीच्या वाटेवर माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. आणि घरात शिरताच ‘जिंकलात का?’ या सौभाग्यवतींच्या साध्या प्रश्नातही मला थट्टा दिसते.

पराजय एक वेळ सोसतो. आशा सोसत नाही. 2017 साली सतरा वर्षांखालील मुलांची विश्वचषक स्पर्धा भारतात झाली. आपल्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. दिल्लीस कोलंबियाविरुद्ध एका गोलाने मागे असता 82व्या मिनिटास मणिपूरच्या जिक्सन सिंगने डोक्याने चेंडू जाळ्यात धाडला. विश्वचषकातील भारताचा तो पहिलाच गोल! शेक्सपिअर शिकविणारा, पन्नाशीला टेकलेला मी खुर्चीवर चढलो. खाली उतरतो न उतरतो तोच कोलंबियाने दुसरा गोल केला, आणि सामना गेला. त्या मिनिटाएवढा सुखी मी पदवी मिळाली त्या दिवशीही नव्हतो.

तीन दिवसांनी घानाने आपल्यावर चार गोल चढविले. त्याचे मला काहीच वाटले नाही.