उमरेडची मैत्रीभावना

नागपूरहून उमरेड पंचेचाळीसेक किलोमीटर. नागभीडची छोटी गाडी 2019 साली बंद झाली, आम्ही एस.टी.ने गेलो. गाव वेकोलिच्या कोळसा खाणींचे. पाळीचे काम, झोपेचे वांधे, घरात चिडचिड! विहारात संध्याकाळी मैत्रीभावनेला बसलो. आधी स्वतःचे मंगल चिंतायचे, मग मित्राचे, मग तोंडओळखीच्या माणसाचे, मग वैऱ्याचे, शेवटी सर्व प्राणिमात्रांचे. वैऱ्यापाशी सारेच अडतात. तेव्हा पुन्हा मित्राकडे वळावे, असे बुद्धघोष 'विसुद्धिमग्गा'त सांगतात. अन्याय सोसणे म्हणजे मैत्री नव्हे. हक्कासाठी भांडावेच, द्वेष घरी आणू नये. अंगुत्तर निकायात मैत्रीचे अकरा लाभ आहेत, पहिलाच सुखाची झोप. मात्र झोप पारच उडाली असेल तर डॉक्टर गाठावा. वंदना होताच रात्रपाळीचे दोघे डबे घेऊन निघाले.