सांध्यातला रोध

मे महिन्यात यवतमाळच्या माणसाला आणखी उष्णता लागते, हे मला आमच्या पुतण्यामुळे कळले. बाहेर पारा ४४ वर, आणि हा पठ्ठ्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत १५० अंशांची भट्टी पेटवून बसलेला! नोंदी लिहायला माणूस मिळेना, म्हणून अस्मादिकांची नेमणूक झाली. पेन्शनर माणूस सर्वांनाच रिकामा दिसतो.

प्रकार असा की, काही पदार्थांचे एक टोक तापवून दुसरे थंड ठेवले की वीज निघते. झेबेक नावाच्या गृहस्थाला हा सुगावा १८२१ साली लागला. १९७७ साली सुटलेली व्हॉयेजर यानेसुद्धा असल्याच विजेवर पृथ्वीशी बोलत आली.

"मग अडलं कुठं?" मी विचारले.

"सांध्यात! काकाजी, माल बेस आहे. पण तो तांब्याला सोल्डरनं जोडावा लागते. थंड असताना सांधा गुण्यागोविंदानं राहते. तापत ठेवला की सोल्डरमधलं कथील मालात शिरते, रोध वाढते, अन् कमावलेली वीज तिथंच खर्च होते. मधात निकेलचा थर दिला तर टिकते. सोल्डर १८३ अंशांला वितळते, म्हणून १५० वरच थांबलो."

हा रोध ओहमच्या दहा लाखाव्या हिश्शांत मोजायचा. साधा मीटर लावला तर त्याच्या तारांचाच रोध कितीतरी जास्त! म्हणून चार तारा : दोन करंट नेणाऱ्या, दोन नुसत्या ऐकणाऱ्या.

इथे माझे पेन थांबले. वणीचे आमचे दादा आणि मी दोन वर्षे बोललो नव्हतो. कारण, बांधावरची चिंच. पोरगा मात्र शिकायला आमच्याकडेच राहिला. त्याबद्दल दोघांनीही अवाक्षर काढले नाही, म्हणूनच ते जमले. बाकी निरोप वहिनी आमच्या सौ.ला सांगणार, सौ. मला. दादांचे "येतो का?" माझ्यापर्यंत "येणार आहे की नाही?" होऊन येई. माझे "बघू" तिकडे "नाही" होऊन पोचे. त्या दोघींचा काय दोष? तारेला स्वतःचा रोध असतोच. आम्ही मात्र तो एकमेकांच्या नावावर लिहीत होतो!

"काकाजी, आता करंट उलटा करून घ्या. एकाच बाजूनं घेतलं तर उष्णतेचा व्होल्टेज त्यात मिसळते. दोन्हीकडून घेऊन वजाबाकी केली की तो उडते."

दादांच्या बाजूचे रीडिंग मी कधी घेतलेच नव्हते.

संध्याकाळी मीच फोन लावला.

"कोण?"

"मी."

बराच वेळ नुसती खरखर. मग, "पोट्टा जेवला का?"

"जेवला."

"अन् तू?"

मला एकाएकी उत्तर देता येईना. दादाच पुढे म्हणाले, "चिंच फोडून ठेवली आहे. अर्धी पाठवतो."

"अर्धी काहून?" मी म्हणालो.

आणि स्वयंपाकघरातून सौ.ने कपाळाला हात लावल्याचा आवाज आला.